मी दुरुस्त केलेलं गाणं

एकोणऐंशी साली मी नागपुरात एम.ए. होऊन नोकरीच्या शोधात होते. तेव्हा आमच्या सरांनी मला एका संशोधनावर मदतनीस म्हणून घेतलं. विषय होता सण-उत्सवांतली नवनिर्मिती. सरांचा प्रश्न साधा होता आणि आजही मला तो चांगलाच वाटतो. दरवर्षी तोच सण, तेच दिवस, तीच मांडणी. तरी त्यात काहीतरी नवं येतंच. भजनाच्या स्पर्धेत एखादं मंडळ कुठून तरी वेगळी चाल घेऊन येतं. पोळ्याला बैलांपुढे म्हणायच्या झडत्यांत यंदाचा पुढारी घुसतो. हे नवं येतं कुठून? ते कोण करतं? गावोगाव हिंडून हे टिपायचं, गाणी कॅसेटवर घ्यायची आणि प्रत्येक गाण्यामागे एक छापील फॉर्म भरायचा, असं काम होतं.

"वर्धा जिल्हा तुम्ही घ्या," सर म्हणाले. "तुम्ही तिकडच्याच ना?"

मी हो म्हटलं. पण मी तिकडची आहे हे माझ्या बोलण्यावरून कुणाला कळू नये, यासाठी मी सहा वर्षं खर्ची घातली होती.

आष्टीजवळच्या एका खेड्यात माझा जन्म. घरी शेती, थोडी संत्र्याची झाडं. मॅट्रिकनंतर वडिलांनी मला नागपूरला वसतिगृहात ठेवलं. पहिल्याच आठवड्यात वर्गात बाईंनी उशीर का झाला विचारलं आणि मी उभी राहून म्हणाले, "मले खोली सापडली नाई." वर्ग हसला. बाईही हसल्या, त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मी त्या रात्रीपासून अंथरुणात पडल्या पडल्या ओठांतल्या ओठांत घोकायला लागले: मला, तुला, त्याला. दुसऱ्या वर्षी मला वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं. वडील संत्र्यांची थैली घेऊन भेटायला यायचे, तेव्हा मी त्यांना फाटकाच्या आत येऊ देत नसे. बाहेर रस्त्यापलीकडच्या झाडाखाली आम्ही बोलायचो. त्यांना वाटायचं, वसतिगृहाचा तसा नियमच आहे. मी त्यांना तसंच सांगितलं होतं.

तर अशी मी खांद्याला सरांचा टेपरेकॉर्डर लावून नाचणगावला गेले. पुलगावला बसमधून उतरून चालत. भुलाबाईचे दिवस होते. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे मुली घरोघर भुलाबाई मांडतात. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोबा, वर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव. दिवेलागणीला आळीतल्या पोरी एकेका घरी जमतात, गाणी म्हणतात, टिपऱ्या खेळतात, आणि शेवटी झाकलेला डबा वाजवून आतला खाऊ ओळखायला लावतात.

गावात शिरताना पहिल्याच घरी भुलाबाईची गाणी कुणाला जास्त येतात असं विचारलं, तर दोघी-तिघींनी एकाच बाईचं नाव सांगितलं. ती गावाच्या कडेला राहायची. नवरा-बायको मिळून दोन एकरांत भाजी लावायचे आणि पुलगावच्या बाजारात विकायचे. मी गेले तेव्हा ती लिंबाखाली बसून सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होती. वय चाळिशीच्या आसपास, हात सतत चालू.

मी फॉर्म काढला आणि विचारलं, "आपल्याकडील भुलाबाईच्या गीतांमध्ये अलीकडच्या काळात काही नवीन भर पडली आहे का?"

तिनं जुडीला गाठ मारली आणि वर पाहिलं. "कोन्या गावची वं तू?"

"नागपूरहून आले."

"नागपूरहून आली थे समजलं. गाव कोनतं?"

मी गाव सांगितलं.

"मंग असं काऊन बोलून राह्यली? बस खाली."

मी बसले. माझ्या हातात तिनं सांभाराचा एक ढीग सरकवला. जुड्या बांधता बांधता तासाभरात माझी जीभ आपोआप सैल झाली. मी तिला मावशी म्हणायला लागले, ती मला माय म्हणायला लागली. सहा वर्षांत प्रथमच मी कुणाशी तरी जोरजोरात हसत बोलत होते.

संध्याकाळी तिच्या अंगणात आळीतल्या पोरी जमल्या. तिची स्वतःची मुलगी तेव्हा दहा वर्षांची असेल. आधी सगळीकडे म्हणतात ती जुनी गाणी झाली. मग त्यांनी एक गाणं घेतलं आणि मी टेपरेकॉर्डर जवळ ओढला. ते मी कधीच, कुठेच ऐकलेलं नव्हतं. पुलगावहून आर्वीला जी छोटी गाडी जाते, तिच्यावरचं गाणं होतं. चाल अशी की गाडीची खडखड ऐकू यावी.

छोट्या गाडीचा बाई धूर काया काया
बाजूबाजूनं चाले माह्या बापाची माया
गाडी म्हने जातो मी, बाप म्हने जाय
खिडकीतून पाहे लेक, दिसत नाई माय

आमच्या बोलीत 'काळा'चा 'काया' होतो, म्हणून तो 'माया'शी जुळतो. प्रमाण भाषेत हे यमक होऊच शकत नाही. मी अंगणात बसल्या बसल्या ते ओळखलं.

"मावशी, हे कोनं केलं?"

"म्या केलं," ती म्हणाली. "उन्हाळ्यात. वांग्याले पानी देता देता."

पोरी गेल्यावर ती बराच वेळ बोलली आणि टेप चालू होता. तिचं माहेर त्याच छोट्या गाडीच्या मार्गावरचं. गाडी इतकी संथ, की लग्नानंतर ती सासरी निघाली तेव्हा वडील स्टेशनपासून गाडीच्या बाजूबाजूनं चालत आले, खिडकीशी बोलत. ती गाणी कशी करते तेही तिनं सांगितलं. एक ओळ सुचली की ती मुलीला म्हणायला शिकवायची आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत त्याबद्दल अवाक्षर काढायची नाही.

"दुसऱ्या दिशी पोरगी इसरली, का समजाचं ओळ कच्ची हाय. टाकून द्याची. नाई इसरली तं ठेवाची."

"आन तुले आवडलेली ओळ इसरली तं?"

"तं काय? माह्यासाठी थोडीच करतो मी?"

सर ज्यासाठी जिल्हे पालथे घालत होते, ते मला एका अंगणात बसल्या जागी मिळालं होतं. निघताना मी आनंदाच्या भरात तिला सांगून टाकलं, की जानेवारीत वर्ध्याला जिल्ह्याचा लोककलेचा महोत्सव आहे, आमचं संशोधन तिथं मांडणार आहेत, आणि तुझ्याच पोरी तिथं हे गाणं म्हणतील. तारीखही सांगितली.

"खरंच वं?" तिनं विचारलं. मग मुलीला म्हणाली, "आयकलं का? वर्ध्याले जाचं हाय."

नागपूरला खोलीवर येऊन मी कॅसेट ऐकायला बसले. गाणी उतरवून घेतली. मग गप्पांचा भाग आला आणि खोलीत माझाच आवाज घुमला: "सांग नं वं मावशी, मले बी शिकव." मी घाईघाईनं आवाज कमी केला आणि दार लावलंय का ते पाहिलं. शेजारच्या खोलीतल्या मुलीनं ऐकलं तर? त्यापेक्षा वाईट म्हणजे, सर सगळ्या कॅसेट स्वतः ऐकायचे. मी त्यांच्यासमोर जी बोलायचे ती बाई एक, आणि या कॅसेटवर खदखदून हसणारी ही कोण गावंढळ पोरगी, असं त्यांना वाटलं असतं. निदान मला तसं वाटलं.

पुढच्या आठवड्यात मी कारंजा भागात गेले, आणि तिथली भजनं मी त्याच कॅसेटवर घेतली, नाचणगावची गाणी संपतात तिथून पुढे, त्या गप्पांवरच. कॅसेट मोजक्या मिळायच्या, हे खरं आहे. मी स्वतःला तेच कारण दिलं. पण माझ्या पिशवीत त्या दिवशी एक कोरी कॅसेट होती, तिचा वरचा कागदसुद्धा फाडलेला नव्हता. ते मला चांगलं आठवतं.

सरांना छोट्या गाडीचं गाणं फार आवडलं. त्यांनी ते दोनदा ऐकलं, फॉर्म पाहिला आणि बोट ठेवलं. "इथे कर्ता म्हणून तुम्ही या बाईंचं नाव लिहिलंय."

"हो सर. त्या म्हणाल्या."

"म्हणाल्या म्हणजे? कॅसेटवर आहे का?"

मी फॉर्मचा दुमडलेला कोपरा सरळ करायला लागले.

"हे बघा," सर समजावत म्हणाले, "लोकगीत हे समूहाचं असतं. एखादी बाई ते जास्त चांगलं गाते आणि गावाला वाटतं तिनंच केलं. आपला मुद्दाच तो आहे, की उत्सवात नवं निर्माण होतं ते सगळ्यांच्या मिळून. तुमच्याकडे काही पुरावा असेल तर आपण वेगळा विचार करू. आहे का?"

"नाही सर," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या हातात खोडरबर दिलं. नाव पेन्सिलीनं लिहिलेलं होतं.

यानंतर सगळं उताराला लागल्यासारखं होत गेलं. वर्ध्याच्या महोत्सव समितीनं कळवलं, की खेड्यातल्या मुलींना स्टेजची सवय नसते, वेळेचं भान नसतं, त्यापेक्षा शहरातल्या एका शाळेचा संच तयार आहे, तुम्ही फक्त गाणं बसवून द्या. मी एका शब्दानंही हरकत घेतली नाही. नाचणगावला पत्र टाकायचं आज-उद्या करत राहिले. काय लिहायचं तेच सुचत नव्हतं, आणि पत्र पोचलं नाही तर बरंच, असाही एक विचार मनात होता.

शाळेत गेले तर तिथल्या संगीताच्या बाईंनी कागद हातात घेऊन विचारलं, "हे 'काया' काय आहे? मुली हसतील. पालक काय म्हणतील?"

"मी बघते," मी म्हणाले. तिथंच बाकावर बसून, फार तर दहा मिनिटांत, मी ते गाणं दुरुस्त केलं. काया काया होतं तिथं काळा काळा. आता मायाचं काय करायचं? मला शब्द चटकन सुचला. मला त्याचा अभिमानही वाटला.

छोट्याशा गाडीचा धूर काळा काळा
शेजारून चाले माझ्या बाबांचा जिव्हाळा

पुढे 'गाडी म्हणे जाते मी, बाबा म्हणती जाय' असं केलं, कारण गाडी 'जातो' कशी म्हणेल? आमच्या बायका सगळ्या 'जातो', 'करतो' असंच म्हणतात, माझी आईसुद्धा. संगीताच्या बाई खूश झाल्या.

जानेवारीत महोत्सव झाला. दुपारची वेळ, मांडव भरलेला. मी कडक इस्त्रीच्या साडीत, छातीवर कागदी फूल लावून सरांच्या शेजारी मंचावर बसले होते. सरांनी संशोधनाबद्दल छान सांगितलं. मग शाळेच्या मुली एकसारख्या परकर-पोलक्यात आल्या, पेटी-तबल्यावर त्यांनी गाणं म्हटलं. टाळ्या पडल्या.

समोर बसलेले एक वयस्कर गृहस्थ उठले. म्हणाले, "गाणं नवंच दिसतं. आम्ही लहानपणापासून भुलाबाईची गाणी ऐकतो, हे कधी ऐकलं नाही. कुणी रचलं?"

सर उठून सांगू लागले, की हाच तर महत्त्वाचा मुद्दा आहे, असं गाणं कोणी एक जण रचत नाही. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं, अगदी मागून, आवाज आला.

"थे गानं माह्यं होय."

लोक मागं वळले. ती उभी होती. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. तिच्याभोवती पाच पोरी बसल्या होत्या, तेल लावून घट्ट वेण्या घातलेल्या, हातात टिपऱ्या. मी सांगितलेल्या तारखेला, मी सांगितलेल्या ठिकाणी ती आली होती. बहुधा सकाळपासून बसली असेल. मंचावरून मला ती दिसली नव्हती, किंवा मी त्या बाजूला पाहिलंच नव्हतं.

मांडवात हसण्याची एक लाट उठली. कुणीतरी म्हणालं, "बसा बाई, बसा."

"म्या केलं हाय थे," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आन असं नाई केलं. या बाईले इचारा. तिले सगडं मालूम हाय."

आणि तिनं माझ्याकडे बोट केलं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी माइकपाशी गेले, आणि आजही माझ्या कानात माझे ते शब्द जसेच्या तसे आहेत. मी म्हणाले, "या बाईंच्या गावी हे गीत फार आवडीनं गायलं जातं. आम्हाला ते तिथंच मिळालं. त्यांचे आपण आभार मानू या."

टाळ्या पडल्या. तिच्यासाठी टाळ्या! लोकांना वाटलं, तिचा मान राखला गेला.

ती क्षणभर तशीच उभी राहिली. माझ्याकडे पाहत होती, पण रागानं नाही. ओळखीचं माणूस समजून हाक मारावी आणि ते दुसरंच निघावं, तेव्हा माणूस जसं बघतं तसं. मग खाली वाकून पोरींना म्हणाली, "चाला." त्या उठल्या. एकीच्या हातातून टिपरी खाली पडली, ती उचलायला पोरगी थांबली, आणि मग सगळ्या मांडवाच्या बाहेर गेल्या.

संध्याकाळी चहा घेताना सरांनी विचारलं, "ती बाई काय म्हणत होती? तुम्ही ओळखता तिला?"

"काही नाही सर," मी म्हणाले. "गावच्या आहेत. उत्साह असतो."

अहवाल छापला गेला. त्यावर सरांच्या खाली माझं नाव होतं. त्या बळावर मला वर्ध्यातच एका कॉलेजात नोकरी लागली. महोत्सवातली गाणी एका छोट्या पुस्तिकेत छापून जिल्ह्यातल्या शाळांना वाटली गेली. त्यात दुरुस्त केलेलं गाणं होतं, खाली कंसात 'पारंपरिक'.

वर्ध्याहून पुलगाव किती लांब? सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत येता येतं. चार वर्षं मी गेले नाही. बाजारात सांभाराची जुडी घेताना विकणाऱ्या बाईचा चेहरा न बघता पैसे द्यायची मला सवय लागली.

गेले तेही ठरवून नाही. पुलगावला एका सहकारी बाईंच्या नातवाचं बारसं होतं. दुपार टळल्यावर पाहुण्यांत बसवेना, म्हणून मी चालायला बाहेर पडले आणि पाय नाचणगावच्या रस्त्याला लागले. भुलाबाईचे दिवस आहेत हे माझ्या ध्यानातही नव्हतं. दिवे लागत होते. पहिल्याच आळीत एका अंगणातून पोरींचा आवाज आला:

छोट्याशा गाडीचा धूर काळा काळा...

मी जागच्या जागी थांबले. बाबांचा जिव्हाळा. ज्या गावात कुणीच बापाला बाबा म्हणत नाही त्या गावात, ज्या आळीत ते गाणं जन्माला आलं त्याच आळीत, पोरी माझे शब्द म्हणत होत्या. चालसुद्धा बदलली होती. गाडीची खडखड गेली होती, पेटीवरची सरळ चाल आली होती.

तिचं घर तिथून चार घरं पुढे. ती पडवीत मिरच्या निवडत बसली होती. मला पाहून उठली नाही.

"ये," म्हणाली.

मी खाली बसले. काय बोलायचं ते वाटेत शंभरदा जुळवलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "मावशी, माह्यं चुकलं."

ती मिरच्या निवडत राहिली. निवडता निवडताच म्हणाली, "गान्याचं काय घेऊन बसली? एक गेलं तं दुसरं होते."

मला वाटलं, सुटले. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं.

"आयकलं नं, पोरी काय म्हनून राह्यल्या थे? शाळेतून पुस्तक आलं. मास्तरनं पाठ करून घेतलं. माह्या पोरीनं घरी येऊन मलेच सांगतलं, आई, काया नाई, काळा म्हन. तू चुकीचं म्हंते." तिनं एक सडकी मिरची बाजूला टाकली. "म्या तिले म्हटलं, हे म्या केलं हाय वं. तं म्हंते, मंग तुनं चुकीचं केलं."

मी मान खाली घातली.

"त्या पोरी आता माह्या अंगनात येत नाई. माह्यं गानं अडान्याचं वाटते त्याईले. तू सांग मले एक. तू तं आमच्याच बोलीची. इथी बसून माह्यासंग बोलली, हासली. वर्ध्याच्या लोकाईनं बदललं असतं तं मी समजलो असतो. तुनं काऊन बदललं?"

तोवर मला वाटत होतं, की माझा गुन्हा म्हणजे तिचं नाव खोडलं हा. तिच्या लेखी तो फार लहान होता. मला उत्तर माहीत होतं, पण ते तिला कसं सांगणार? की तुझ्यासारखं बोलणं मला लाजिरवाणं वाटत होतं? ते तिला सांगायची गरजच नव्हती. तिला केव्हाच कळलं होतं, आणि तिच्या मुलीलाही.

त्यानंतर मी सरांना सविस्तर पत्र लिहिलं. कॅसेटचं, कोऱ्या कॅसेटचं, सगळं. मला वाटलं होतं सर चिडतील, किंवा आपल्या मताला चिकटून बसतील. मग निदान थोडा दोष त्यांच्यावर टाकता आला असता. त्यांचं कार्ड आलं. 'तेव्हा सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं. तो गप्पांचा भाग मला हवा होता. तसा दुसरा कुठेच मिळाला नाही.' एवढंच. ते कार्ड मी फाडून टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्यातून तुकडे शोधत बसले.

एका त्रैमासिकात मी दुरुस्तीची नोंद छापली. त्या गाण्याची कर्ती अमुक गावची अमुक बाई आहे, छापलेला पाठ माझा आहे आणि तो चुकीचा आहे. मूळ पाठ असा. खाली चार ओळी दिल्या, काया, माया, सगळं जसंच्या तसं. अंक घेऊन मी पुन्हा नाचणगावला गेले. मुलगी आता दहावीला होती. तिनंच आईला ती नोंद मोठ्यानं वाचून दाखवली. वाचता वाचता तिचा आवाज हळू झाला, आणि 'मूळ पाठ असा' याच्यापुढं ती अडखळली. 'काया' म्हणताना तिनं आईकडे पाहिलं.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. "माह्यं नाव लिवलं?"

"हाव."

"गाव?"

"हाव मावशी."

"बरं झालं." मग म्हणाली, "शेवटची ओळ वाच वं पुन्हा."

मुलीनं वाचली. खिडकीतून पाहे लेक, दिसत नाई माय.

"माय नाई," ती म्हणाली. "पाय."

मला समजलं नाही.

"बाप बिनाचपलेचा व्हता. गिट्टीवरून चालून राह्यला व्हता, गाडीच्या रुयाच्या बाजूनं. मी खिडकीत. मले त्याचं मुंडासं दिसे, खांदे दिसे. पाय नाई दिसे. म्या त्या दिशी तुले सांगतलं व्हतं."

सांगितलं असणार. ते कॅसेटवर होतं, आणि त्यावर कारंज्याची भजनं होती. आणि गाण्यात मी ऐकलं ते 'माय', कारण अशा गाण्यांत शेवटी माय असते हे मला आधीपासूनच ठाऊक होतं. नवं काय आहे ते शोधायला मी गेले होते, आणि त्या गाण्यातली सगळ्यात नवी गोष्ट मला ऐकूच आली नव्हती.

मी अंकावर तिथंच पेनानं शब्द बदलला. परत येऊन संपादकांना पत्रही लिहिलं. त्यांनी कळवलं, की एका शब्दासाठी दुसऱ्यांदा दुरुस्ती छापणं शक्य नाही. त्यांचंही बरोबर होतं.

त्या दिवशी निघायच्या आधी मला राहवलं नाही. मी विचारलं, "मावशी, एवढ्यात काही नवं केलं का?"

"केलं नं," ती म्हणाली. "गवत निंदाले बाया येते, त्याईच्यासंग म्हंतो वावरात."

"मले आयकव नं."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "नाई माय," ती म्हणाली. शांतपणे म्हणाली, अगदी प्रेमानं म्हटलं तरी चालेल. "तुले नाई आयकवत."

मुलगी मला रस्त्यापर्यंत पोचवायला आली. तिला विचारलं असतं, तर तिनं कदाचित गाणं म्हणून दाखवलं असतं. बस यायला बराच वेळ होता, आम्ही दोघी नाल्याच्या कठड्यावर बसलो होतो. मी तिला तिच्या अभ्यासाचं विचारत राहिले.